एंजलफिशसोबत कोणते मासे ठेवावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एंजल शांत मासा आहे ना? मग सोबतीचा एवढा विचार कशाला?

त्याचं संथ पोहणं बघून तसं वाटतं खरं, पण एंजल हा सिक्लिड आहे. ऑस्कर आणि डिस्कस ज्या कुळातले, त्याच कुळातला. अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांत तो पाण्यात बुडालेल्या फांद्या-मुळांच्या आणि उभ्या देठांच्या आडोशाला राहतो. चपटं अंग आणि अंगावरचे काळे उभे पट्टे यांमुळे तो देठांत दिसेनासा होतो, आणि समोरून लहान मासा, अळी किंवा झिंगा गेला की पुढे सरकून गिळतो. घरच्या टँकमध्येही त्याचा हा स्वभाव तसाच राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अंडी. जोडी लागली आणि अंडी घातली, की तोवर कुणाच्या वाटेला न जाणारे हेच दोन मासे अर्धा टँक रिकामा करून घेतात. त्यामुळे सोबती निवडताना दुकानात दिसणारं एवढंसं पिल्लू डोळ्यांसमोर ठेवू नका. वर्षभरानंतरचा पूर्ण वाढलेला, अंड्यांवर पहारा देणारा एंजल डोळ्यांसमोर ठेवा. त्याच्याबरोबर जो निभावेल तोच सोबती योग्य.

सोबती योग्य आहे की नाही हे ठरवायचं कसं?

चार गोष्टी तपासा, आणि याच क्रमाने.

तो एंजलच्या तोंडात मावतो का? इथे लांबीपेक्षा अंगाची उंची महत्त्वाची आहे. ४ सेंमीचा पण सडपातळ मासा सहज गिळला जातो, तर तेवढ्याच लांबीचा, उभ्या अंगाचा लेमन टेट्रा घशात जात नाही. पूर्ण वाढलेल्या एंजलचं तोंड उघडल्यावर वाटतं त्यापेक्षा बरंच मोठं होतं.

तो पर कुरतडतो का? एंजलच्या पोटाखाली दोन लांब, दोऱ्यासारखे पर लोंबत असतात. कुरतडणाऱ्या माशांचं पहिलं लक्ष्य हेच. व्हेल (veil, म्हणजे ओढणीसारख्या परांच्या) जातीच्या एंजलमध्ये शेपूट आणि पाठीचा परही लांब असतो, त्यामुळे धोका दुप्पट.

त्याला तेच पाणी चालतं का? एंजलला २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ६ ते ७.५ पीएच मानवतो. पिढ्यान्‌पिढ्या टँकमध्येच पैदास झालेले एंजल थोडं जड, म्हणजे जास्त क्षार असलेलं पाणीही सहन करतात. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि मलावी सरोवरातल्या सिक्लिडना ८ च्या आसपासचा पीएच, तेव्हा हे दोघे इथेच बाद होतात.

तो कुठे आणि किती वेगाने वावरतो? एंजल पाण्याच्या मधल्या आणि वरच्या थरात असतो. तळाशी राहणारे मासे त्याच्या वाटेत येत नाहीत. दिवसभर टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारे मासे त्याला कुरतडत नसले तरी ताण देतात, शिवाय खाणंही आधी पळवतात.

टँक किती मोठा हवा?

फक्त एक जोडी असेल तर १०० ते ११० लिटरमध्ये भागतं. इतर मासे ठेवायचे असतील तर ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण २४० ते २५० लिटरचा टँक धरून चला.

लांबीइतकीच उंचीही पाहा. पूर्ण वाढलेला साधा एंजल वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत २० सेंमीच्या पुढे जातो. खडी-वाळू सोडून पाणी निदान ४० ते ४५ सेंमी उभं असावं. ऑल्टम एंजल याहून बराच उंच होतो, त्याला ६० सेंमी पाणी द्या. उथळ टँकमध्ये वाढलेल्या एंजलचे पर टोकाला वाकतात आणि वाढ खुरटते.

निऑन टेट्रा चालतील का? सगळीकडे फोटोंत तर एकत्रच दिसतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त मासे याच जोडीत जातात. उत्तर: नाही.

होतं असं. एंजलची पिल्लं आणि निऑन एकाच दिवशी आणले जातात. त्या वेळी एंजलचं तोंड लहान असतं, म्हणून चार-सहा महिने सगळं छान चालतं. मग एके दिवशी बारापैकी नऊच निऑन दिसतात. मेलेला मासा सापडत नाही, पाणीही ठीक असतं. पुढच्या आठवड्यात सात उरतात. शिकार बहुतेक पहाटे होते, नाहीतर दिवा लागताच, जेव्हा निऑन अजून सुस्त असतात आणि एंजल जागा असतो. त्यामुळे डोळ्यांसमोर काहीच घडत नाही आणि दोष दुसऱ्यावरच जातो.

पूर्ण वाढलेले निऑन आधी ठेवले आणि एंजल नंतर, अगदी लहान असताना आणले, तर काही टँकमध्ये जमतं, कारण त्या एंजलला निऑन म्हणजे खाणं असं कधी कळतच नाही. पण हा स्वभावाचा भाग आहे, खात्री नाही. शिवाय एकाने एक निऑन गिळला की बाकीचेही शिकतात.

कार्डिनल टेट्रा निऑनपेक्षा थोडा मोठा आणि उबदार पाण्यात जास्त टिकणारा, पण अंगाने तोही सडपातळच. धोका थोडा कमी, इतकंच. एम्बर टेट्रा, ग्रीन निऑन, चिली रास्बोरा, एंडलर हे तर सरळ खाद्य आहे.

मग टेट्रांपैकी कोणते ठेवावेत?

आमची पहिली पसंती लेमन टेट्रा. उभं अंग, मध्यम चाल, तापमानही जुळतं. दहा-बाराचा थवा ठेवला तर ते आपापसांतच पर फुलवत बसतात, एंजलकडे बघत नाहीत. ब्लॅक फँटम आणि एम्परर टेट्राही याच जातकुळीतले, चांगले.

रमीनोज सडपातळ आहे, तरी बहुतेक वेळा निभावतो. तो ५ सेंमीपर्यंत वाढतो, थवा घट्ट ठेवतो आणि चपळ असतो. पण निदान बारा हवेत आणि आणतानाच वाढलेले हवेत. पाणी खराब झालं की त्याच्या डोक्याचा लाल रंग फिका पडतो, त्यामुळे टँकची तब्येत कळायलाही तो उपयोगी.

मोठ्या टँकमध्ये काँगो टेट्रा फार शोभतात. नर ८ सेंमीपर्यंत होतो, तेव्हा गिळला जाण्याचा प्रश्नच नाही. त्यांना मात्र ४ फुटांपेक्षा कमी लांबी देऊ नका. ब्लीडिंग हार्ट टेट्राही आकाराने योग्य, पण तीन-चारच ठेवले तर कुरतडायला लागतात. आठांच्या खाली नकोत.

टेट्रा म्हटलं की सगळे शांत असं नाही. सर्पे टेट्रा, ब्युनॉस आयर्स टेट्रा आणि काळा विडो टेट्रा हे तिघेही पर कुरतडण्यासाठी ओळखले जातात. यांपैकी विडो टेट्रा दुकानात एंजलच्याच टाकीत ठेवलेला दिसतो, आणि उभ्या अंगामुळे वरच्या पहिल्या कसोटीत उत्तीर्णही होतो. पण दुसऱ्या कसोटीत नापास. नकोच.

टायगर बार्बचा मोठा थवा ठेवला तर ते आपापसांत गुंततात असं ऐकलं आहे. खरं का?

अर्धवट खरं. दहा-बारांच्या थव्यात त्यांची मारामारी बरीचशी आपापसांत होते, पण एंजलचे लोंबणारे पर तिथेच असतात आणि दिवसभरात कुणीतरी एक जण ओढून बघतोच. एकाने केलं की दुसरा करतो. आठवडाभरात पोटाखालचे पर निम्मे होतात, जखमेवर पांढरी बुरशी चढते, एंजल कोपऱ्यात उभा राहतो आणि खाणं सोडतो. हिरवे, अल्बिनो वगैरे बार्बही याच जातीचे, रंग बदलला म्हणून वागणं बदलत नाही.

बार्ब हवाच असेल तर चेरी बार्ब पाहा. तो कुरतडत नाही. पण सडपातळ आहे, म्हणून वाढलेलेच आणा आणि टँकमध्ये दाट झाडं ठेवा.

तळासाठी कोणते मासे?

कोरी, म्हणजे कोरीडोरास. पण कोणतीही कोरी नव्हे. पेपर्ड कोरीला थोडं थंड पाणी लागतं. २७-२८ अंशांत ती जगते, पण तिचं आयुष्य घटतं. स्टर्बाय कोरी उबदार पाण्यासाठी सगळ्यात भरवशाची. ब्राँझ कोरीही २५-२६ अंशांपर्यंत ठीक. पिग्मी कोरी मात्र गिळली जाते. कोरीच्या पाठीच्या आणि बाजूच्या परांत टणक काटे असतात आणि घाबरली की ती ते ताठ करते, त्यामुळे लहान कोरी गिळू पाहणाऱ्या माशाच्या घशात ती अडकून दोघेही मरू शकतात. म्हणून ४ सेंमीपेक्षा मोठ्याच आणा.

सहा किंवा जास्त ठेवा आणि तळाला बारीक वाळू घाला. टोकदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात. एंजलने टाकलेलं खाऊन कोरी जगतील असं समजू नका. एंजल काही टाकत नाही. कोरीसाठी बुडणाऱ्या गोळ्या दिवा बंद केल्यावर टाका.

कुली लोचही चालतो, पण पूर्ण वाढलेला. लहान कुली एंजलला अळीसारखा दिसतो. क्लाउन लोच स्वभावाने चालण्यासारखा असला तरी तो २० सेंमीच्या पुढे वाढतो आणि त्याला पाच-सहांचा जथा लागतो. ४ फुटी टँकमध्ये ते जमणार नाही.

शेवाळ खाण्यासाठी सकर ठेवू का?

कोणता सकर, यावर सगळं आहे. दुकानात सकर किंवा क्लीनर म्हणून जो सर्रास मिळतो तो साधा प्लेको. तो ३० सेंमीच्या पुढे वाढतो, भरपूर घाण करतो, आणि मोठा झाल्यावर शेवाळ सोडून देतो. भूक भागली नाही की रात्री एंजलच्या चपट्या अंगाला चिकटून त्याचा चिकट थर चाटतो. सकाळी एंजलच्या बाजूला गोल, फिकट, खवले उडालेला डाग दिसला तर संशय आधी इथे घ्या.

त्याऐवजी एक ब्रिसलनोज ठेवा. तो १२-१३ सेंमीवर थांबतो आणि शेवाळही खरोखर खातो. टँकमध्ये लाकडाचा एक तुकडा असू द्या, तो ते खरवडतो. आठवड्यातून दोनदा काकडीची किंवा उकडलेल्या दुधी भोपळ्याची चकती रात्री टाका आणि सकाळी उरलेली काढा. दोन नर एकत्र नकोत.

चायनीज अल्गी ईटर लहानपणी कामाचा वाटतो, पण वाढल्यावर भांडखोर होतो आणि चपट्या माशांना चिकटतो. ओटो स्वभावाने गरीब, तरी ४ सेंमीचा आणि काटेरी, त्यामुळे मोठ्या एंजलसोबत त्याचाही तोच घशात अडकण्याचा धोका. नव्या टँकमध्ये तर ओटो उपाशीच मरतो.

गुरामी?

पर्ल गुरामी उत्तम. शांत, ११-१२ सेंमीचा, तापमान तेच. एक नर आणि दोन-तीन माद्या घ्या. पाण्यावर तरंगणारी थोडी झाडं असली की तो वरच्या थरात रमतो. निळा, सोनेरी आणि ओपलाइन हे तिन्ही एकाच जातीचे रंग आहेत. त्यांचा नर वाढल्यावर एंजलला हाकलत फिरतो. किसिंग गुरामी मोठा होतो आणि इतर माशांच्या अंगाला तोंड लावतो. ड्वार्फ गुरामी आकाराने चालेल, पण त्यात एक असाध्य विषाणूजन्य आजार बराच आढळतो, म्हणून आम्ही सुचवत नाही.

फायटर?

नको. दोघांचेही पर लांब, दोघेही हद्द सांभाळणारे आणि दोघेही वरच्या थरातले. बहुतेक वेळा फायटरच मरतो.

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांचं काय?

गप्पी नको. नराची शेपूट ओढली जाते आणि त्याचं सडपातळ अंग गिळलं जातं. प्लॅटी आणि स्वोर्डटेल आकाराने टिकतात. या सगळ्यांना थोडं जड पाणी मानवतं, म्हणून तुमचं पाणी मुळात जड असेल आणि एंजल त्यातच वाढलेले असतील तर स्वोर्डटेलच्या वाढलेल्या माद्या चांगला पर्याय आहेत. मॉलीला आणखी जड पाणी लागतं. मऊ पाण्यात ती पर मिटून, अंग हलवत एकाच जागी डुलत राहते.

त्यांची पिल्लं मात्र एकही उरणार नाहीत. काही जण हेच सोयीचं मानतात, एंजलला ताजं खाणं मिळतं म्हणून. तेही चालेल, फक्त जिवंत पिल्लं खायची सवय लागलेला एंजल टँकमधल्या इतर लहान माशांकडेही त्याच नजरेने बघतो.

आणखी एक सावधगिरी. या माशांमधून कॅमॅलेनस नावाचा जंत बऱ्याचदा येतो. शेपटीजवळच्या छिद्रातून बारीक लाल धागे बाहेर डोकावताना दिसले तर तो मासा ताबडतोब वेगळा करा.

दुसरे सिक्लिड एंजलसोबत चालतात?

काही चालतात. बोलिव्हियन रॅम सगळ्यात सोपा. तो तळाशी राहतो, २४ ते २७ अंशांत खूश असतो आणि भांडण टाळतो. जर्मन ब्लू रॅम दिसायला सरस, पण त्याला २७ ते २९ अंश आणि फार स्वच्छ पाणी लागतं. नव्या टँकमध्ये तो टिकत नाही. ४ फुटी टँकमध्ये रॅमची एकच जोडी ठेवा. कीहोल सिक्लिड लाजाळू आणि सोबतीला चांगला. अ‍ॅपिस्टोग्रामाची जोडीही जमते, पण तिला तळाशी स्वतःची कपार हवी.

कन्व्हिक्ट, जॅक डेम्प्सी, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट हे सगळे बाद.

डिस्कससोबत ठेवतात खरे, आणि दोघांचं पाणीही बरंच जुळतं. अडचण खाण्याची आहे. डिस्कस दबकत, विचार करत खातो, एंजल झडप घालतो. एंजल गुबगुबीत आणि डिस्कसचं कपाळ खोबणीसारखं आत गेलेलं, असं चित्र दोन महिन्यांत दिसू शकतं. शिवाय डिस्कससाठी तापमान २८ ते ३० वर न्यावं लागतं आणि ते कोरी-टेट्रांपैकी अनेकांना जास्त होतं. डिस्कस ठेवायचे तर त्यांचा टँक वेगळा करा.

सिल्व्हर शार्क, टायगर शार्क, रेडटेल शार्क?

हे फक्त नावाचे शार्क, पण तिन्ही नकोत. पहिला ३० सेंमीच्या घरात जातो, दुसऱ्यासाठी घरातला कोणताही टँक लहानच आहे, आणि तिसरा एकट्याने सगळ्यांना पळवतो.

झिंगे आणि गोगलगाई?

चेरी झिंगा म्हणजे महागडं खाद्य. अमानो झिंगा ५ सेंमीचा झाला असेल आणि झाडं दाट असतील तर बरेचदा वाचतो, पण कात टाकल्यावर दिवसभर अंग मऊ असतं आणि तेव्हाच मारला जातो. नेराइट गोगलगाय निर्धोक, काचेवरचं शेवाळही साफ करते. मिस्टरी गोगलगाईच्या लांब मिशा एंजल अळी समजून टोचतो आणि ती कवचातून बाहेर येणंच सोडते.

लक्षात असू द्या, तांबं असलेली औषधं झिंगे आणि गोगलगाई दोघांनाही मारतात. औषध घालण्याआधी बाटलीवरचे घटक वाचा.

एंजल स्वतः किती ठेवावेत?

एक, किंवा जमलेली जोडी, किंवा सहा-सात. दोन-तीन अनोळखी एंजल एकत्र ठेवणं सगळ्यात वाईट. तिघांतल्या दोघांची जोडी लागते आणि तिसरा मार खातो. दोनच असतील आणि दोघे नर निघाले तर एकाला पळायला जागा उरत नाही.

नर-मादी लहानपणी ओळखता येत नाहीत. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली दिसणारी नळी हीच खात्रीची खूण. मादीची रुंद आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. कपाळाचा उंचवटा वगैरे खुणा फसव्या आहेत. दोन माद्याही जोडीसारख्या राहून अंडी घालतात. ती अंडी दोन दिवसांत पांढरी पडतात.

रूढ पद्धत अशी: सारख्या आकाराची सहा पिल्लं आणा, वाढू द्या. आठ-दहा महिन्यांत जोडी लागते. मग एकतर ती जोडी वेगळ्या टँकमध्ये हलवा, नाहीतर बाकीच्यांना दुसरं घर शोधा. ४ फुटी टँकमध्ये सहाही मोठे एंजल शेवटपर्यंत सुखाने राहतील अशी आशा धरू नका. ५ फुटांच्या पुढे, भरपूर उभी झाडं आणि लाकडं असतील तर शक्य आहे.

एकटा एंजल दुःखी होतो का, असंही विचारतात. वाढलेला एकटा एंजल टेट्रांच्या थव्यासोबत छान राहतो, आणि अंडी-हद्दीची सगळी भानगड वाचते. लहान टँकसाठी आम्ही हेच सुचवतो.

नेमकी यादी द्या. कोणत्या टँकमध्ये काय ठेवू?

अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे १५० लिटर: एक एंजल, दहा लेमन टेट्रा, सहा स्टर्बाय कोरी. इथे जोडी ठेवू नका. अंडी घातली की टेट्रांना पळायला कोपरा राहत नाही.

४ फुटी: एक जमलेली जोडी, बारा ते पंधरा रमीनोज किंवा लेमन टेट्रा, आठ स्टर्बाय, एक ब्रिसलनोज. रमीनोजऐवजी आठ काँगो टेट्राही चालतील. बोलिव्हियन रॅमची जोडी हवी असेल तर कोरी कमी करून सहा ठेवा.

दोन्हींत आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदला. नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं संयुग) २० ते ३० पीपीएमच्या वर जात असेल तर मासे जास्त झाले आहेत किंवा खाणं जास्त पडतं आहे. फिल्टर दमदार हवा, पण पाण्याचा झोत काचेवर किंवा पृष्ठभागाकडे वळवा. एंजलचं चपटं अंग झोतात टिकत नाही आणि तो सतत झोताशी झगडत राहतो.

कोणाला आधी सोडायचं?

आधी टँक पिकू द्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार होऊ द्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलेलं, इथपर्यंत यायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. मग टेट्रांचा थवा, दोन आठवड्यांनी कोरी, आणि एंजल सगळ्यात शेवटी. जो आधी येतो तो जागा आपली मानतो. एंजल आधी आला की नंतर येणारा प्रत्येक मासा त्याच्या लेखी घुसखोर असतो, आणि लहान असेल तर खाद्य.

नवीन मासा थेट मोठ्या टँकमध्ये सोडू नका. ४० लिटरच्या वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवा. तिथला स्पंज फिल्टर आधी दोन-तीन आठवडे मोठ्या टँकमध्येच चालवून घ्या, म्हणजे त्यात जिवाणू तयार असतील. जाळी आणि नळी दोन्ही टाक्यांसाठी वेगळ्या. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, कल्ल्यांतले किडे, जंत हे सगळं या चार आठवड्यांत बहुधा उघड होतं आणि औषधही थोडक्या पाण्यात भागतं.

सोडताना पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी कपभर टँकचं पाणी घाला, तीन-चार वेळा. नंतर मासा जाळीने उचलून टँकमध्ये सोडा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या. लांबून आलेली पिशवी उघडून तासभर ठेवू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. उघडल्यावर पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो.

सगळ्यांना पुरेसं खाणं कसं मिळेल?

दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका. एंजल एका टोकाशी जमतात, तोवर टेट्रांना दुसरीकडे मिळतं. दिवसातून दोनदा, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच. एंजल काचेपाशी येऊन मागत राहतो, त्याला भुलू नका. ब्लडवर्म आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, आणि गोठवलेले घ्या. जिवंत ट्युबिफेक्स घाण पाण्यातून येतात, टाळलेले बरे.

भरल्या पोटीही एंजल शिकार करतो. त्यामुळे जास्त खायला घालून निऑन वाचवता येतील हा समज सोडा.

अंडी घातल्यावर बाकीच्या माशांचं काय करायचं?

एंजल उभ्या पृष्ठभागावर अंडी घालतो. रुंद पान, पाटी, फिल्टरचा पाइप किंवा काच, काहीही चालतं. २७-२८ अंशांत अंडी दोन-अडीच दिवसांत फुटतात, पुढचे चार-पाच दिवस पिल्लं चिकटून वळवळत राहतात आणि मग पोहायला लागतात. हा सगळा काळ जोडी आक्रमक असते.

टेट्रा समजूतदार असतात, एकदा हुसकावलं की लांब राहतात. कोरीचं तसं नाही. ती मान खाली घालून वाळू हुंगत पुन्हा तिथेच येते, आणि नर तिच्या डोळ्यांवर चोच मारल्यासारखे घाव घालतो. रात्री दिवा बंद झाला की डाव उलटतो: कोरी आणि ब्रिसलनोज अंडी खाऊन टाकतात. दोघांच्या हिताचं म्हणजे टँकमध्ये एक पाटी उभी ठेवायची, अंडी त्यावर पडली की पाटी पाण्याखालीच भांड्यात घेऊन वेगळ्या टाकीत न्यायची, तिथे अंड्यांजवळ हवेचे बुडबुडे सोडायचे आणि बुरशी टाळायला थोडं मेथिलीन ब्लू घालायचं. पिल्लं वाढवायची नसतील तर काही करू नका, एक-दोन रात्रींत अंडी आपोआप संपतात. पण जोडी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा घालेल, हे गृहीत धरा. मध्ये उभी काच लावून टँकचा एक तृतीयांश भाग जोडीला तोडून देणं हाही चांगला उपाय आहे.

जमत नाहीये हे कसं ओळखायचं, आणि तेव्हा काय करायचं?

पोटाखालचे पर आखूड होणं, शेपटीच्या कडा फाटणं, पाठीचा पर सतत मिटलेला, मासा हीटरमागे किंवा वरच्या कोपऱ्यात उभा, खाणं टाकल्यावरही पुढे न येणं. दोन एंजल तोंडात तोंड अडकवून ओढाताण करत असतील आणि ते काही सेकंदांत सुटलं तर ती ताकद आजमावणं आहे. पुन्हा पुन्हा तेच आणि एकजण पळतोय, तर वेगळं करायची वेळ झाली.

आधी संध्याकाळी अर्धा तास आणि पहाटे दिवा लागताना नीट पाहा, म्हणजे दोषी कोण ते कळेल. दिवसा शांत दिसणारा मासाच बरेचदा निघतो. मग लाकडं-झाडं हलवून हद्दी मोडा. आठवड्यात फरक पडला नाही तर दोषी माशाला बाहेर काढा, मार खाणाऱ्याला नव्हे. मार खाणारा काढला की दुसऱ्या कुणाची पाळी येते. मुळाशी इजा नसेल तर फाटलेले पर स्वच्छ पाण्यात तीन-चार आठवड्यांत भरतात. पोटाखालचे लांब पर मात्र वाकडे वाढू शकतात.

दोन एंजलपैकी एक मेला. त्याच्या जागी नवा आणू का?

एकदम एकच नको. उरलेला आता पूर्ण टँक आपला मानतो आणि एकट्या नवख्याला टिकू देत नाही. आधीचा कशाने मेला ते कळलेलं नसेल तर निदान चार-सहा आठवडे काहीच आणू नका. त्यानंतर आणायचेच तर टँक पुरेसा मोठा असताना, जुन्याच्या जवळपास आकाराचे चार एकदम, विलगीकरण करून, आणि सोडायच्या दिवशी सगळी मांडणी बदलून. टँक ४ फुटांपेक्षा लहान असेल तर उरलेल्याला एकटाच राहू द्या आणि टेट्रांचा थवा वाढवा.